नानांचा डावा हात

चार वाजता जशुभाई येणार होते. नानांच्या, म्हणजे दत्तात्रेय गुप्ते यांच्या, नाकातून पोटापर्यंत गेलेली नळी ते काढणार होते, आणि या वेळी तिच्या जागी नवी घालणार नव्हते. पावसाळा संपल्यापासून नाना त्या नळीतून जाणाऱ्या पेजेवर आणि दुधावर जगत होते. तोंडाने दिलेला घोट श्वासनलिकेत जाई, म्हणून दुसरा मार्ग नव्हता. नळी गेल्यावर किती दिवस उरतील, हे अलकापुरीतल्या डॉक्टरांनी सांगितले नव्हते आणि त्यांच्या मुलीने, मुग्धाने, विचारले नव्हते.

या निर्णयाला कारण झाला होता नानांचा डावा हात. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेली होती. ऐकलेले त्यांना कितपत कळते, याबद्दल डॉक्टरही खात्रीने बोलत नसत. डावा हात मात्र शाबूत होता, आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसापासून त्या हाताने ते एकच खूण करू लागले होते. अंगठा आणि दोन बोटे जुळवून ते हात गालाजवळ नेत, काहीतरी पातळ चिमटीत धरल्यासारखे करीत, ते सरळ डावीकडे ओढून काढीत आणि मग तीच चिमूट छातीवर आणून थोपटीत. एवढे झाले की समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत. समोरच्याला कळले नाही की पुन्हा तेच. काही वेळाने त्यांचे ओठ थरथरू लागत आणि डोळे भरून येत.

पाणीगेटहून रोज सकाळी नानांचे अंग पुसायला आणि नळी बघायला येणारे जशुभाई सुरुवातीला हसले होते. “बेन, जुओ, काका पतंग चगावे छे! वाह काका, ढील आपो, ढील!”

“पतंग कसला? जन्मात कधी फिरकी धरली नाही यांनी,” आई म्हणाली. “खिशातलं पेन मागतायत. पेनाशिवाय कधी घराबाहेर पडले नाहीत.”

तिने नानांच्या सदऱ्याच्या खिशात पेन अडकवले. नानांनी ते काढून जमिनीवर टाकले आणि पुन्हा गालाजवळ हात नेला.

“आता काय, शाईचं हवं?” असे म्हणत आई दुसरे पेन शोधायला उठली.

विहंगने ती खूण निराळी वाचली. मुग्धाचा हा धाकटा भाऊ बंगलोरहून उत्तरायणासाठी आला होता आणि नानांची अवस्था पाहून परत जायचे पुढे ढकलत राहिला होता. दिवसा तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम करी आणि मधूनमधून उठून नानांच्या पायांना तेल लावी.

“ताई, हात कुठे जातो ते बघ ना,” तो एके दिवशी म्हणाला. “नळीशी जातो. ओढून काढा म्हणतायत. आणि मग छातीवर हात. मला सोडवा, म्हणतायत.”

मुग्धा नानांच्या नाकावरची चिकटपट्टी दाबून बसवू लागली.

“आजीच्या वेळी काय म्हणाले होते, आठवतं?”

तिला आठवत होते. आजी फार दिवस अंथरुणावर पडून होती आणि शेवटी शेवटी कोणालाच ओळखत नव्हती. तिचे सगळे आटोपून आल्यावर नाना गॅलरीत उभे राहून दोन्ही मुलांना म्हणाले होते, “माझं असं करू नका.” ते वाक्य विहंगने तेव्हापासून जपून ठेवले होते, आणि तो ते खोटे सांगत नव्हता.

पुढे एकदा खूण करताना नानांची बोटे खरोखरच नळीत अडकली आणि ती अर्धी बाहेर आली. नानांचा जीव घुसमटला. जशुभाईंनी नळी परत बसवली आणि जुन्या साडीची मऊ पट्टी फाडून नानांचे डावे मनगट पलंगाच्या कठड्याला बांधले. त्या दिवसापासून ते बांधलेलेच असे. मनगटाच्या पुढे बोटे तेवढी हलत. जुळत, कठड्याच्या दिशेने ओढल्यासारखी होत, सुटत, पुन्हा जुळत. मुग्धा कॉलेजातून तास घेऊन घरी आली की पहिल्यांदा तिची नजर त्या बोटांवर जाई आणि तिला वाटे, आपण यांचे उरलेसुरले तोंडही बांधून ठेवले आहे.

डॉक्टर शांतपणे बोलले होते. “पोटातून नळी बसवता येईल. पण त्यांना हे नको आहे असं तुम्हा सगळ्यांना वाटत असेल, तर मी जबरदस्ती करा म्हणणार नाही. त्यांना तुम्ही ओळखता.”

त्यांना तुम्ही ओळखता. रावपुऱ्यातल्या घरी परतताना रिक्षात मुग्धा ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आदल्या संध्याकाळी शेवटचे बोलणे झाले ते नानांच्या उशाशीच. दुसरी खोली आईच्या सांधेदुखीच्या पसाऱ्याने भरलेली होती आणि दिवाणखाना म्हणजेच नानांची खोली झाली होती.

“म्हणजे त्यांना उपाशी ठेवायचं, असंच ना?” आई म्हणाली.

“उपाशी नाही गं आई. त्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. डॉक्टर औषधं देणार आहेत.”

“मग बंगलोरला काय म्हणतात त्याला?”

विहंगने मान खाली घातली. तो रडत होता हे आईला उशिरा दिसले. तिने आपला पदर पुढे करून त्याचा चेहरा पुसला, जसा लहानपणी पुसत असे, जरा जोरातच.

“तेच मागतायत म्हणतोस, तर मी कोण अडवणार,” ती म्हणाली. “मुग्धा, तू बोल. तू तर त्यांची सावली होतीस.”

“विहंग म्हणतो तेच असेल,” मुग्धा म्हणाली. “दुसरं काय असणार?”

“उद्या चारला बोलावतो जशुभाईंना,” विहंग म्हणाला.

नाना डोळे उघडे ठेवून समोरच्या टेबलाकडे बघत होते. बांधलेल्या हाताची बोटे जुळली, ओढली गेली, सुटली.

त्या टेबलावर त्यांचा प्रेस कॅमेरा उभा होता. एका गुजराती दैनिकात नाना छायाचित्रकार होते, आणि त्यांनी नोकरी धरली तेव्हाच तो कॅमेरा जुना झालेला होता. पुढे भाता, मागे चौकट, वजन एखाद्या पाट्यासारखे. कचेरीत छोटे कॅमेरे आले तसा तो अडगळीत गेला आणि निवृत्त होताना नानांनी तो मागून घेतला. सुट्या पानांसारख्या फिल्म मिळेनाशा झाल्या तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीला लावायची रोल-बॅक मिळवली. कागदात गुंडाळलेली फिल्म हिच्यात भरायची आणि एका रोलवर आठ फोटो काढायचे.

बॅक भरणे हे मुग्धाचे काम होते. शाळेत असल्यापासून. तिची बोटे बारीक, म्हणून. झाकण उघडून आतली चौकट उचलायची, रिकामे रीळ एका बाजूला, भरलेले दुसऱ्या बाजूला. कागदाची जीभ ओढून रुळांवरून घ्यायची, काळी बाजू बाहेर. ती रिकाम्या रिळाच्या फटीत खोचून कागदावरचा बाण खुणेशी येईपर्यंत घुंडी फिरवायची. मग झाकण लावून एकचा आकडा येईपर्यंत पुन्हा. आणि या सगळ्याच्या आधी बघायचे ते बॅकच्या तोंडावरची स्लाइड. खेळायच्या पत्त्यापेक्षा थोडी मोठी, पातळ पोलादी पट्टी. ती आत सरकवलेली असली म्हणजे फिल्मपर्यंत उजेड पोहोचत नाही. “स्लाइड आत असल्याशिवाय भरलेली बॅक माझ्या हातात द्यायची नाही,” नाना म्हणत, आणि तिने कधी दिलीही नव्हती. बॅक त्यांच्या हातात दिली की तिचे काम संपे. नाना गर्दीत शिरत आणि ती त्यांची पिशवी सांभाळत कडेला उभी राही.

उत्तरायणाच्या दुपारी, विहंग नुकताच आलेला असताना, तिला तो कॅमेरा सुचला होता. सगळ्या गच्च्यांवरून आरडाओरडा चालला होता, घरात उंधियोचा वास होता, गॅलरीच्या तारेवर कोणाचा तरी कटलेला पतंग फडफडत होता, आणि सगळे घर एकत्र होते. फोनवर फोटो निघालेच. पण नानांना त्यांच्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकवावा असे तिच्या मनात आले. कपाटात रोल होता. इतक्या वर्षांनी हात चुकेल असे तिला वाटले होते, पण बोटांना सगळे ठाऊक होते. तिने बॅक भरली, कॅमेऱ्याला लावली, आईला आणि विहंगला नानांच्या दोन्ही बाजूंना बसवले आणि आठही फोटो काढले. शटरचा आवाज झाला तशी नानांची मान वळली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जागे झाल्यासारखे तिला वाटले. थोड्या वेळाने, पहिल्यांदाच, त्यांनी डावा हात गालाजवळ नेला.

त्याच सकाळी जशुभाईंनी नळी बदलली होती. त्यामुळे पुढे ती खूण नळीशी जोडली गेली आणि फोटो तसेच कॅमेऱ्यात राहिले.

आज चारची वाट बघत नुसते बसून राहणे मुग्धाला अशक्य झाले. विहंग नानांचा हात हातात घेऊन बसला होता. आई देवापाशी होती, पण पूजा करीत नव्हती. मुग्धाने कॅमेऱ्याची बॅक काढली आणि न्हाणीघरात गेली. नानांची टाकी, बाटल्या, फिल्मचे चक्र, सगळे माळ्यावरच्या पेटीत अजून होते. निदान तेवढे तरी. नळी काढण्याआधी निगेटिव्ह धुऊन वाळवावी, उजेडात धरून त्यांना दाखवावी, बघा नाना, तुम्ही सगळे.

दाराच्या फटीला तिने टॉवेल लावला आणि अंधारात फिल्म चक्रावर चढवली. मग दिवा लावून टाकीत रसायन ओतले, नानांनी शिकवल्याप्रमाणे टाकी उलटी-सुलटी करीत राहिली. पाणी, दुसरे रसायन, पुन्हा पाणी. झाकण काढून तिने ओली फिल्म उलगडली.

फिल्म कोरी होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काचेसारखी पारदर्शक.

तिला पहिल्यांदा स्वतःचा राग आला, मग रसायनांचा. बाटल्या जुन्या असतील. एवढे एक देखील आपल्याला यांच्यासाठी करता आले नाही. ती फिल्म चुरगाळून टाकणार होती, तेवढ्यात कडेला तिची नजर गेली. कारखान्यात छापलेले आकडे आणि अक्षरे काळीभोर, स्वच्छ उमटली होती.

कडेचे आकडे उमटले आणि मधे काही नसेल तर रसायनाला दोष देऊ नको, असे नाना सांगत. कॅमेऱ्यात काय झालं ते बघ.

कॅमेऱ्यात काय होणार? शटर वाजले होते, भिंग उघडे होते, घुंडी फिरवली होती. ओले हात तसेच ठेवून ती बाहेर आली. बॅक बेसिनशेजारी होती. स्लाइड आत होती. जशी तिने उत्तरायणाच्या दुपारी घातली होती, तशीच पूर्ण आत. आपले काम तिने चोख केले होते. आणि स्लाइड ओढून काढणे हे तिचे काम कधी नव्हतेच.

तिने ती चिमटीत धरली. अंगठा आणि दोन बोटे. बॅक गालाजवळ आली होती, नाना कॅमेरा डोळ्याला लावत तेव्हा येई तशी. उजवा हात शटरवर मोकळा राहावा म्हणून नाना ती नेहमी अशी बसवत, की स्लाइड डाव्या हाताने ओढता यावी. तिने ती ओढली. डावीकडे, सरळ. आणि मग नाना ती कुठे ठेवत? पुन्हा घालायचे विसरू नये म्हणून, वर्षानुवर्षे, हजारो वेळा, गर्दीत, सभेत, अपघाताच्या जागी?

सदऱ्याच्या खिशात.

मुग्धा तशीच न्हाणीघराच्या उंबऱ्यावर खाली बसली. बाहेर दाराची घंटा वाजली आणि जशुभाईंचा आवाज आला, “केम छो काका?” रोजच्यापेक्षा हळू.

“ताई,” विहंगने हाक मारली. “ये आता.”

“थांबा!” ती ओरडली. “काही करू नका. हात लावू नका त्यांना!”

कपाटात आणखी एक रोल होता. तिने बॅक उघडली. जी बोटे त्या दिवशी चुकली नव्हती ती आता चुकू लागली. कागदाची जीभ फटीतून दोनदा सुटली. बाण खुणेच्या पुढे गेला की काय, तिला दिसेना. डोळे पुसून पुन्हा बघावे लागले. झाकण. घुंडी. एकचा आकडा. स्लाइड आत. ती कॅमेरा घेऊन दिवाणखान्यात आली तेव्हा जशुभाईंनी हातमोजे चढवले होते आणि नानांच्या नाकावरची चिकटपट्टी सोडवली होती.

“ताई, आत्ता फोटो?” विहंगचा आवाज फुटला. “वेड लागलंय का तुला? आत्ता?”

“त्यांचा हात सोड.”

“नळी ओढतील ते.”

“सोड म्हणते ना!”

आईनेच पट्टीची गाठ सोडली. नानांच्या मनगटावर तांबूस वळ होता. मुग्धा पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, शटरची कळ ओढली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि स्लाइड आतच ठेवून बटण दाबले.

नानांचा हात वर आला. गालाजवळ चिमूट, डावीकडे, छातीवर.

“बघ,” विहंग म्हणाला. “आणखी काय बघायचंय तुला?”

मुग्धाने डाव्या हाताने स्लाइड ओढून काढली. दोन पावले पुढे होऊन ती नानांच्या सदऱ्याच्या खिशात घातली, मागे आली, कळ ओढली आणि पुन्हा बटण दाबले.

नानांचा हात खिशावर गेला. पोलादी पट्टीची वरची कड त्यांच्या बोटांना लागली. हात तिथेच थांबला. खोलीत सगळे वाट बघत होते, पण तो गालाकडे परत गेला नाही. मग अंगठा आणि पहिले बोट उचलले गेले आणि हवेत, अगदी थोडे, काहीतरी गोल फिरवू लागले.

“फिल्म पुढे घे म्हणतायत,” मुग्धा म्हणाली. “उत्तरायणाला मी स्लाइड काढलीच नव्हती. आठही फोटो गेले. हे तेव्हापासून तेच सांगतायत, विहंग. स्लाइड काढ आणि खिशात ठेव. बाकी काही नाही.”

विहंग पलंगाच्या कडेवरून सरकत खाली बसला. कठड्याला लोंबणारी साडीची पट्टी त्याच्या खांद्यावर पडली होती.

“म्हणजे त्यांना कळत होतं,” तो म्हणाला.

त्याने नानांच्या उशीकडे पाहिले.

“काल आपण इथेच बोललो. इथे. त्यांच्या उशाशी. आई, तू उपाशी म्हणालीस, मी चारला म्हणालो.”

आईने नानांच्या कपाळावर हात ठेवला. “अहो,” ती म्हणाली.

जशुभाई हातमोजे घातलेले हात जरा दूर धरून उभे होते. नळीची चिकटपट्टी सुटलेली होती. “बेन, हवे शुं करवानुं? नवी नाखवानी छे के नथी?” नवी नळी घालायची की नाही, ते विचारत होते.

विहंगने डोळे पुसले आणि नानांच्या तोंडासमोर आपले तोंड नेले. “नाना, ही नळी. ही.” त्याने ती बोटाने दाखवली. “ठेवायची? की काढायची? तुम्ही सांगा. मी ऐकतो. आता मी नीट ऐकतो.”

नाना त्याच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत नाही म्हणण्यासारखे काही होते का, हो म्हणण्यासारखे काही होते का, हे तिघांनीही शोधले. मग ती नजर कॅमेऱ्याकडे गेली आणि बोटे पुन्हा हवेत फिरली.

“ते आजीच्या वेळी म्हणाले होते, ताई,” विहंग म्हणाला. “ते तर खोटं नाही.”

“खोटं नाही. पण ते तेव्हा म्हणाले होते. गेले इतके दिवस म्हणत होते ते हे.”

“आणि आता काय म्हणतायत?”

“मला माहीत नाही.”

विहंगने जशुभाईंकडे न बघता सांगितले, “नवी नाखो.”

जुनी नळी निघाली. नवी नाकातून आत सरकू लागली तसा नानांचा चेहरा आवळला, घशातून घरघर निघाली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. नळी घालताना ते नेहमीच वाहत असे. ते तेवढ्यामुळेच होते का, हे मुग्धाला पूर्वी कधी विचारावेसे वाटले नव्हते. नानांचा डावा हात मोकळा होता आणि कोणी तो धरला नव्हता. त्याला नळीपर्यंत जाता आले असते. तो खिशावर स्लाइडची कड घट्ट धरून राहिला.

जशुभाईंनी चिकटपट्टी लावली. नानांचा श्वास सावकाश बसत गेला. मग त्यांनी खिशातली स्लाइड काढली आणि मुग्धाच्या दिशेने धरली. पट्टी उजेडात चमकत होती. काम संपले, आता घाल, असे ते म्हणत होते. निदान तिला तसे वाटले. आणि पुन्हा कधी आपल्याला खात्री वाटेल असे तिला वाटले नाही.

“अजून संपला नाही रोल,” ती म्हणाली. “राहू दे तुमच्याकडेच.”

तिने ती त्यांच्या खिशात परत ठेवली आणि दोनचा आकडा येईपर्यंत घुंडी फिरवली. विहंग अजून जमिनीवरच होता. त्याने साडीची पट्टी कठड्यावरून सोडवली होती आणि ती कुठे ठेवावी हे न कळून दोन्ही हातांत धरून बसला होता.